मावळातील एका भेकराचा परिचय

शिकारीला संस्कृतात 'मृगया' म्हणतात हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ज्या मृग् धातूपासून हा शब्द झाला त्याचा अर्थ मारणे असा नसून शोधणे असा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मागावर राहणे, ठाव घेणे, हुडकणे ही खरी मृगया. बाण सोडणे हा तिचा शेवटचा आणि वेळेच्या मानाने अगदीच अल्प भाग होय. कालिदासाने 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडून मृगयेची जी तरफदारी करविली आहे, तीत अंग हलके होणे आणि चालत्या लक्ष्यावर नेम बसणे ह्या लाभांबरोबरच, भयाने व क्रोधाने जनावरांच्या मनात कसा पालट होतो तो दिसतो, हाही एक लाभ सांगितला आहे. सेनापती स्वामीची मर्जी पाहून बोलत होता हे उघड आहे. तथापि त्याचे हे एक विधान खोटे नव्हे. रानातल्या जनावरांचे इंगित ज्यांना कळत असे ते पूर्वी बहुतेक शिकारी किंवा त्यांचे वाटाडेच असत.

आपल्याकडे एके काळी शिकारीचा हंगाम असे. १९१२ च्या कायद्याने ठराविक पशुपक्ष्यांच्या शिकारीस बंदीचा काळ ठरवून देण्याची सोय झाली; मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला; पुढे १९७२ साली सर्व देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेने शिकार करण्याची वाट बंद झाली. हे फार चांगले झाले, ह्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही संदेह नाही. फक्त एवढेच झाले की मारणे थांबले त्याबरोबर शोधणेही थांबले. बंदूक खाली ठेवणाऱ्याने रानात जाणेही सोडले, आणि त्याच्या वाटाड्याजवळची विद्या विचारणारा कोणी उरला नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत हा हंगाम अजून चालू आहे. तेथे 'म्यूल डिअर' नावाचे एक मोठे हरीण असते. त्याचे कान खेचराच्या कानांसारखे लांब म्हणून हे नाव. त्याच्या शिकारीचे परवाने मोजकेच निघतात आणि पुष्कळ ठिकाणी ते सोडत काढून दिले जातात. तेथील चांगला शिकारी उन्हाळ्यापासून दुर्बीण घेऊन एखाद्याच वयस्क नराचा माग ठेवतो. तो कोठे चरतो, दुपारी कोणत्या आडोशाला बसतो, वारा फिरला म्हणजे कोणीकडे सरकतो, हे तो महिनोन् महिने पाहतो. आणि मग शरद् ऋतूतील थोड्या दिवसांत त्या ज्ञानाचा उपयोग एकदाच करतो. हे वाचून आमच्या मनात आले की, शेवटची ती एक क्रिया वगळून बाकीचे सर्व आपल्यास करता येण्यासारखे आहे. आणि त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानांपासून फारशा अंतरावर नसलेल्या रानात भेकर राहते.

भेकर हे हरणाच्या जातीतले लहान जनावर. खांद्याशी उंची सुमारे दोन फूट, वजन वीस ते अठ्ठावीस किलो, म्हणजे बोकडाएवढेच म्हणाना. रंग तांबूस पिंगट. नराच्या शिंगांची ठेवण मात्र चमत्कारिक असते. कपाळाच्या हाडाचे दोन खुंट केसाळ कातड्याने मढलेले असे वर येतात आणि त्यांच्या टोकांवर वीतभरही लांब नसलेली, आत वळलेली शिंगे बसतात. त्या खुंटांच्या कडा खाली तोंडावर उतरत येतात व त्यांवर काळसर रेघा असतात. त्यामुळे समोरून पाहणारास वैष्णवाने कपाळी नाम ओढल्याचा भास होतो. नराच्या वरच्या जबड्यात सुळे असतात, आणि दोन नरांचे भांडण जुंपले म्हणजे शिंगांपेक्षा ह्या सुळ्यांनीच अधिक इजा होते. डोळ्यांखाली आणि कपाळावर गंधाच्या ग्रंथी असतात. त्या झाडाझुडपांवर व जमिनीवर घासून नर आपल्या हद्दीची खूण ठेवतो. सांबर-चितळांसारखा कळप करून भेकर राहत नाही. बहुधा एकटे, फार तर जोडीने. ह्याचा आवाज थेट कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण एकेक भुंकार सुटा आणि अधिक घोगरा. बंगल्यात उतरलेली पाहुणेमंडळी रात्री तो ऐकून 'येथे भटकी कुत्री फार' अशी तक्रार करताना आम्ही स्वतः ऐकली आहेत.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी आमच्या तालुक्याची तीन खोरी. राजमाची, लोहगड, विसापूर हे गड, त्यांच्या कड्यांखालची कारवीची दाट राने, ओढ्यांकाठची उंबर-जांभळीची झाडी आणि गावोगावच्या देवराया हे भेकराचे घर. देवाच्या धाकाने राखलेल्या ह्या राया किती मोलाच्या आहेत हे माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनी १९७० नंतरच्या काळात शास्त्रीय रीतीने दाखवून दिले. गावकऱ्यांस ते निराळ्या शब्दांत आधीपासून ठाऊक होते. आम्ही ज्या उतारावर बसत होतो तो ह्या तिन्हींपैकी एका मावळात आहे, एवढेच तूर्त सांगतो. अधिक न सांगण्याचे कारण पुढे येईल.

आमचे गुरू एक वृद्ध ठाकर. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी, म्हणजे १९७२ च्या पूर्वी, मुंबई-पुण्याच्या शिकाऱ्यांबरोबर ते हाक्याला जात. साहेब मचाणावर बसे आणि हे लोक डबे वाजवीत रान उठवीत. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे आम्ही त्यांस येथे 'बाबा' एवढेच म्हणतो. बोलतानाही तसेच म्हणत असू. २०१९ च्या कार्तिकात आम्ही त्यांस म्हणालो, "बाबा, आम्हांस भेकर दाखवा."

ते म्हणाले, "दाखवायला ते काय बैलाच्या जत्रंत हाय व्हय, गुर्जी? तुमी त्याला शोधाया नका जाऊ. तुमी एका जागी बसा. त्याचं त्ये येतं."

"आणि नाही आले तर?"

"तर उद्या बसायचं."

पहिला महिना जनावराचे दर्शन झाले नाही. परंतु त्या महिन्यात जेवढे कळले तेवढे पुढे कधीच कळले नाही. बाबा आम्हांस रोज फक्त जमीन वाचावयास लावीत. ओढ्याच्या ओल्या वाळूत दोन बोटांएवढा, पुढे निमुळता असा खुराचा ठसा. कडा तीक्ष्ण असेल तर ताजा. दवाचे थेंब पडून बोथट झाला असेल तर रात्रीचा. त्यावरून मुंगीची रांग गेली असेल तर कालचा. कारवीच्या दाटीत माणसाच्या मांडीएवढ्या उंचीचा बोगदा पडलेला दिसे, तीच भेकराची वाट. त्याहून उंच माणसास ती दिसतच नाही, खाली बसल्यावर दिसते. एका कोवळ्या झाडाच्या सालीवर खालच्या दातांचे ओरखडे होते. हे सर्व पूर्वीही आमच्या डोळ्यांसमोर होते, कारण ह्या रानात आम्ही अनेक वर्षे फिरलो आहोत.

सर्वांत मौजेची खूण आवळ्याची. कार्तिकात आपल्याकडे आवळीभोजन होते आणि त्याच सुमारास रानातले आवळेही गळू लागतात. भेकर पडलेला आवळा चावीत बसत नाही, सबंधच गिळते. मग आडोशाला बसून रवंथ करताना गर खाली जातो आणि टणक आठोळी तोंडावाटे बाहेर टाकली जाते. त्यामुळे जेथे भेकर विसावते तेथे स्वच्छ, धुतल्यासारख्या आवळ्याच्या बियांचा लहानसा ढीग सापडतो, मग आवळ्याचे झाड तेथून कितीही दूर असो. आवळीची पैदास रानात ज्यांच्यामुळे होते त्यांत चितळ व भेकर ही प्रमुख आहेत असे शास्त्रज्ञांनी अलीकडे सिद्ध केले आहे. आम्हांस ह्या बियांनी त्याची बैठक दाखविली. एका मोठ्या धोंड्याच्या पोटाशी, वरून कारवीची सावली आणि समोर सगळी दरी उघडी, अशी ती जागा. आमच्या घरातील कर्त्या पुरुषानेही आरामखुर्ची याहून चांगल्या ठिकाणी मांडली नसती.

दुसरा पाठ वाऱ्याचा. माणूस दिसला तर भेकर एखादे वेळी घुटमळते, पण वास लागला तर थांबत नाही. बाबांच्या कनवटीला चुलीतल्या राखेची पुडी असे. दर थोड्या वेळाने चिमूट हवेत सोडून ते पाहत. त्यातले शास्त्र असे : रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे डोंगरावरून दरीकडे घसरत असते, उतारावर ऊन पडले की ती तापून उलट वर चढू लागते, दुपारनंतर कोकणातून खारा वारा घाट चढून येतो, आणि सूर्य मावळला की पुन्हा हवा खाली उतरते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या अंगास बसावयाचे, आणि ऊन उताराला लागताच उठून निघावयाचे, मग समोर काहीही दिसत असो. तिसऱ्या प्रहरी वरच्या अंगास बसावयाचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावयाचे. आम्ही शाळेत भूगोल शिकविताना डोंगरी वारे व दरीतील वारे फळ्यावर बाणांनी काढीत असू. त्या बाणांच्या टोकाशी एखाद्या प्राण्याचे नाक असू शकते हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले नव्हते.

जन्मभर हजेरीपट मांडण्याची सवय असल्यामुळे आम्ही एक वही केली. तिथी, वेळ, वारा, दिसले काय, ऐकले काय, असे पाच रकाने. घरच्या मंडळींनी पहाटे चारचा चहा निमूटपणे करून दिला, ह्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. मात्र २६ डिसेंबर २०१९ ला, मार्गशीर्ष अमावास्येच्या सूर्यग्रहणाच्या सकाळी, त्यांनी आम्हांस उंबरठ्याबाहेर जाऊ दिले नाही. त्या दिवसाची ओळ वहीत कोरी आहे.

दर्शन त्याच्या आधीच्या पंधरवड्यात झाले होते. अंधारात रानाकडे निघालो तेव्हा पश्चिमेस मृगनक्षत्र कललेले, त्याच्या पोटात रुतलेला तीन तारांचा बाण, आणि मागे व्याध. झुंजुमुंजू होता होता बाबांनी आमच्या गुडघ्यावर बोट टेकले. बोगद्याच्या तोंडाशी एक तांबूस आकार उभा होता; कधी आला ते कळले नाही. मान खाली, पाऊल चांगले उंच उचलून अलगद टेकणारे, जणू सोवळ्यातला माणूस ओल्या अंगणातून चालला आहे. एका खुंटाशी थांबून त्याने कपाळ घासले, लांब जिभेने स्वतःचा डोळा चाटला, आणि मान वळविली तेव्हा डाव्या कानाची कडा फाटलेली स्पष्ट दिसली. कोणत्या तरी भांडणातील दुसऱ्या नराच्या सुळ्याची ती खूण. ह्या फाटक्या कानामुळेच पुढे सव्वा वर्ष आम्हांस तो निश्चित ओळखता आला. कारण शिंगांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो, ती दरसाल गळतात.

माघ संपेपर्यंत त्याचा दिनक्रम आमच्या वहीत बराच भरला. पहाटे ओढ्याकाठच्या उंबराखाली; तेथे वानरे रात्री मुक्कामास असत आणि त्यांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळे त्यास आयती मिळत. उजाडताना बोगद्यातून वर. वाटेत नेमका तोच खुंट, तोच सपाट दगड. दगडावर तो मागे वळून आलेल्या वाटेकडे पाहत उभा राही. मग बैठक. बसताना पाठ धोंड्याकडे आणि तोंड दरीकडे. ऊन चढल्यावर वारा खालून वर येई, तेव्हा खालचा वास नाकाला आणि खालचे दृश्य डोळ्यांना. आणि मागून कोणी येण्यास वाटच नाही. भर दुपारी एकदा उठून सावली बदलावयाची. माघ-फाल्गुनात सावरीची लाल मांसल फुले गळू लागताच त्याने ह्या क्रमात एक वळण वाढविले : संध्याकाळी आधी सावरीखाली, मग पाण्यावर.

भुंकण्याचेही व्याकरण आहे. माणूस अचानक दिसला तर दोनचार तुटक भुंकार, आणि पळताना टाळ वाजल्यासारखा एक कट्कट् आवाज. परंतु भुंकार सारख्या अंतराने, एकाच सुरात, अर्धा-अर्धा तास येत राहिला तर गोष्ट वेगळी असते. पौषातल्या एका तिन्हीसांजेला तसे ऐकू आले. आवाज पुढच्या उतारावरून हळूहळू खिंडीकडे सरकत होता. बाबा म्हणाले, "वाघरू चाललंय. त्ये बगा, भेकर त्याला पोचवीत निघालंय." बिबळ्या आम्हांस दिसला नाही; दुसऱ्या दिवशी खिंडीच्या धुळीत त्याचा पंजा होता. जनावर आपल्या शत्रूस 'तू मला दिसला आहेस' असे ओरडून सांगते आणि दबा धरणारा मग तेथून निघून जातो. सेनापतीच्या श्लोकातील भयाने पालटलेले चित्त ते हेच असावे. मात्र त्या भयात पुष्कळ धीटपणाही होता, असे आमचे मत झाले.

पूर्वीचे शिकारी तोंडात पान धरून पाडसाच्या केविलवाण्या आवाजाची नक्कल करीत आणि त्या आवाजाला भेकर जवळ येई, असे बाबांनी एकदा सांगितले. ती युक्ती दाखवा असे आम्ही म्हणताच त्यांनी मान हलविली. "त्येवढं ऱ्हाऊ द्या, गुर्जी." आम्ही पुन्हा विचारले नाही.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता; त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. रानात जाणे थांबले. परंतु द्रुतगती मार्गावरची वाहनांची अखंड घरघर बंद पडल्यामुळे घराच्या मागच्या ओट्यावरून, कधी नव्हे ते, दूरच्या कड्याखालचे भुंकणे ऐकू येऊ लागले. घरातील मुले शाळेवाचून कंटाळलेली होती. त्यांनी एक खेळ काढला : कुत्रे की भेकर? आठ दिवसांत ती सर्व न चुकता सांगू लागली. एका नातीने तर 'भेकर श्वास घेऊन भुंकते, कुत्रे भुंकता भुंकता श्वास घेते' असा भेद केला. तो आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळलेला नाही. ज्या कुटुंबांत लहान मुले आहेत त्यांनी पावसाळी रविवारी भुशीच्या धरणावर गर्दीत उभे राहण्याऐवजी थंडीच्या दिवसांत गावातील एखादा जाणता माणूस सोबत घ्यावा आणि रानाच्या कडेला तासभर नुसते बसून पाहावे. बरोबर काही न्यावयास नको. खाऊ तर मुळीच नको, त्याच्या वेष्टनाचा आवाज होतो.

३ जून २०२० ला, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ कोकणचा किनारा ओलांडून घाटावर आले. मावळात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि झाडे तर मोजता येणार नाहीत इतकी पडली. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. पूजेला फांदी शोधावी लागली नाही, सबंध वड रस्त्यात होते. पुढे उताराकडे गेलो तेव्हा ओढ्याकाठचा तो उंबर उपटून पाण्यात पडलेला होता. कारवीचा बोगदा फांद्यांनी बुजला होता. सपाट दगडाशेजारी मात्र भेकराचे एक गळलेले शिंग मिळाले. आमच्या पोराटोरांनी ते घरी आणण्याचा हट्ट धरला असता. पण वन्य प्राण्यांचे असले अवशेष बाळगण्यास कायद्याने मनाई आहे, आणि रानातले शिंग साळिंदर वगैरे प्राणी कुरतडून खातात, म्हणजे ते वायाही जात नाही. शिंग तेथेच राहू दिले.

मग मावळचा पाऊस. लोणावळ्यास साधारण साली चार हजार मिलीमीटरहून अधिक पडतो. त्यात ठसे राहत नाहीत, आवाज पोचत नाही आणि जळवा माणसास बसू देत नाहीत. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. त्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा बसू लागलो. फाटका कान दिसला तो कार्तिकात, नवी शिंगे घेऊन. परंतु मागल्या वर्षीची वही आता जवळजवळ निरुपयोगी होती. उंबर नाही म्हणून वानरे तेथे नाहीत, वानरे नाहीत म्हणून पहाटेची फेरी नाही. त्याने नवी वाट पाडली होती : पडलेल्या एका झाडाच्या बुंध्याखालून वाकून, मग खाचराच्या बांधाकडे, जेथे भातकापणीनंतरचे कोवळे फुटवे होते. पौषापर्यंत ही नवी वाटही आम्हांस पाठ झाली. तो बुंध्याखाली कोणत्या वेळी मान खाली घालील हे आम्ही दहा मिनिटांच्या फरकाने सांगू शकत होतो.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस, पौषातच, नेमक्या त्याच बुंध्याखाली तारेचा फास लावलेला आढळला.

मोटारसायकलीच्या क्लचची बारीक तार, भेकराच्या मानेच्या उंचीला, दोन्ही बाजूंनी कारवीच्या काड्या रोवून जनावरास नेमके मधून जावयास लावणारी रचना. पूर्वी ह्याच कामाला सुतळीच्या वाघरी लावीत. संस्कृतातील 'वागुरा' ती हीच. रबरी बुटांचे ठसे पलीकडच्या अंगाने आले होते आणि तिकडेच गेले होते. आम्ही बराच वेळ त्या तारेकडे पाहत उभे राहिलो. ज्याने ती लावली त्याने आमच्याइतकाच अभ्यास केला होता. त्यानेही ठसे वाचले होते, वेळ धरली होती, वारा पाहिला होता. कदाचित तो आमच्याहून चांगला विद्यार्थी असेल. दोघांच्या विद्येत काडीचाही फरक नव्हता.

वनरक्षकास तत्काळ कळविले. ते आले, त्यांनी फास काढला, पंचनामा केला, आजूबाजूस शोधून आणखी दोन काढले आणि गस्त वाढविण्याचे आश्वासन दिले. पण एक वनरक्षक, आणि त्याच्या हाताखाली केवढे रान! तार स्वस्त असते. वाट जोवर तीच तोवर फास पुन्हा लागणार, हे आम्हांस दिसत होते. बाबा तोवर गप्प होते. मग म्हणाले, "त्याची वाट मोडाया लागंल."

"म्हणजे काय करावयाचे, बाबा?"

"आजवर वारं चुकवून बसलो. आता वाऱ्यावर बसायचं."

सव्वा वर्ष आम्ही आपला वास त्या जनावरापासून लपविला होता. आता तो मुद्दाम त्याच्या नाकापर्यंत पोचवावयाचा होता. पहाटे वरच्या अंगास, म्हणजे हवा आमच्यावरून त्याच्या वाटेवर उतरेल अशा जागी, आम्ही दोघे बसलो. बाबांनी आपली जुनी घोंगडी बुंध्याजवळच्या फांदीवर टाकून ठेवली. आम्ही आमचे वापरलेले उपरणे बैठकीच्या धोंड्यावर ठेवले. पहिल्या दिवशी अंधारात दोन भुंकार आणि तो कट्कट् आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी भुंकार लांबून आला. चौथ्या दिवशी बांधावर ठसे नव्हते. सहाव्या दिवशी बोगद्यात कोळ्याचे जाळे अखंड होते, आणि बाबांनी ते बोटाने दाखविले. आम्ही आठवा दिवस भरल्यावर घोंगडी व उपरणे काढून आणले. वहीतील दोन हंगामांच्या नोंदी त्या आठ दिवसांत निरर्थक झाल्या. घरी आल्यावर आमच्या धाकट्या बंधूंनी विचारले, "मग आता दादा, ते कोठे गेले?" आम्ही सांगितले की ते कळू नये म्हणूनच हा खटाटोप होता. त्यांचे समाधान झाले नसावे. खरे सांगावयाचे तर त्या रात्री आमचेही झाले नव्हते.

फाल्गुन शुद्ध पक्षात, दिवस कलल्यावर, बाबा व आम्ही खिंडीपाशी सहज टेकलो होतो. पलीकडच्या उतारावर, मध्ये खोल नाळ असलेल्या बाजूस, सावरीचे एक झाड लाल झाले होते. दुर्बिणीतून पाहिले तर झाडाखाली एक भेकर फुले वेचीत होते. त्याने मान वळविली. डाव्या कानाची कडा फाटलेली होती. वारा आमच्याकडून त्याच्याकडे नव्हता. थोड्या वेळाने मागच्या कारवीतून आणखी एक, बिनशिंगाचे, बाहेर आले व दोघे मिळून खाऊ लागली. तिकडे कसे जाता येईल, वाट कोणत्या अंगाने असेल, हे बाबांनी नजरेनेच ताडले असावे, कारण ते काही वेळ त्या उताराच्या कडेकडे पाहत होते. मग त्यांनी राखेची पुडी कनवटीला खोवली आणि उठले. आम्ही वही काढून पाचांपैकी चार रकाने भरले. जागेसाठी त्या वहीत मुळातच रकाना नव्हता. पण पूर्वी आम्ही ती समासात लिहीत असू. त्या दिवसाच्या ओळीपुढे समास कोरा आहे.